पाठमोरा

माझा बाबा सिनेमात मरायचा. नायक म्हणून नाही, नायकाचा किंवा नायिकेचा बाप म्हणून. नाव रोलंड टीग. ज्या सिनेमांत मारामाऱ्या नसतात, जेवणाच्या टेबलावर एकदाच मोठं भांडण होतं आणि मग घरातली माणसं सिनेमा संपत येईपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत, तसल्या सिनेमांत तो असायचा. मेलबर्नला तो ट्रॅममध्ये चढला की एखादी बाई त्याच्याकडे बघून हळूच डोळे टिपायची. त्याला ते कळायचं, आणि तो खिडकीकडे अशा बेताने तोंड करायचा की तिला त्याची डावी बाजू दिसावी. डावी बाजू चांगली, असं त्याचं मत होतं.

त्या सिनेमांचे कायदे त्याने मला शाळेत असतानाच सांगितले होते. दुरावलेली मुलगी शेवटच्या अर्ध्या तासात घरी येते. मरणारा माणूस मनातलं बोलल्याशिवाय मरत नाही, त्याला तेवढा वेळ मिळतोच. पाणी दिसलं की समजावं, आता कुणीतरी कुणालातरी माफ करणार. आणि नटाने रडायचं नाही, रडू आवरायचं. मग बघणारे आपोआप रडतात.

अडचण एवढीच की बाबा हे कायदे घरातही वापरायचा. मी नोकरीसाठी समुद्रापलीकडे, लॉन्सेस्टनला निघाले तेव्हा त्याच्या छातीत कळ आली. माझं लग्न ठरलं तेव्हा आली. पुढे मी न्यूझीलंडला सुट्टीवर निघाले, तर विमानतळावर फोन. दर वेळी मी धावले, दर वेळी डॉक्टरांनी त्याचा खांदा थोपटून घरी पाठवलं. शेवटच्या वेळी मी धापा टाकत वॉर्डात पोचले, तर हा पलंगावर बसून शेजारच्या पेशंटला समजावत होता की पडद्यावर कळ दाखवायची तर हात छातीवर नाही, किंचित खाली ठेवायचा. मी दारातूनच मागे फिरले. भांडले नाही. नाताळला आणि वाढदिवसाला फोन करत राहिले, पण धावणं सोडलं.

आई तेव्हा नव्हती. ती गेली त्या दिवशीही बाबा तिच्या उशाशी असा काही बसला होता की दोन नर्स दाराबाहेर रडत होत्या. आई मला म्हणाली होती, "याला जरा सरकव गं. माझ्यावर सावली पडतेय." तिचं हे शेवटचं बोलणं नव्हतं, पण माझ्या लक्षात तेच राहिलं.

गेल्या हिवाळ्यात बाबाचा फोन आला. लॉन्सेस्टनहून काही तासांवर, पूर्व किनाऱ्यावरच्या एका खाडीत शूटिंग चाललं होतं. छोटा सिनेमा, दिग्दर्शक पोरसवदा, टोबायस नावाचा. हा आपला शेवटचा सिनेमा, असं बाबा म्हणाला. हेही मी पूर्वी ऐकलं होतं. पण या वेळी छातीचं नाव त्याने काढलं नाही. शनिवारी शेवटचा सीन आहे, मी स्वतः होडी वल्हवणार आहे, फक्त बघायला ये, एवढंच म्हणाला. मी येते म्हटलं आणि वाटेत बेकरीतून शिंपल्यांचं सारण भरलेले गरम पॅटिस घेतले. त्याला ते आवडतात.

गाव म्हणजे एक रस्ता, पेट्रोल पंप, आणि खाडीच्या काठाने कालवांच्या शेतीचे खांब. काठावर तंबू ठोकले होते. मेकअपच्या गाडीत बाबा आरशासमोर बसला होता. अंगात जुना लोकरी कोट, त्याच्या आत फुगीर दिसू नये म्हणून पातळ लाइफ जॅकेट. गालांना राखाडी रंग फासला होता. मी एक पॅटिस त्याच्या हातात दिला तर त्याने एक घास घेतला आणि उरलेला कागदात गुंडाळून ठेवला. बाबा खाणं कधी टाकत नाही.

सीन काय आहे ते त्याने सांगितलं. बायकोच्या अस्थी घेऊन म्हातारा होडीतून निघतो. खाडीच्या मध्यावर वल्ही थांबवतो, ओंजळीत तोंड झाकतो. बस. मग होडी वाहत लांब जाते, ठिपका होते, सिनेमा संपतो. कॅमेरा काठावर, एकदाही न तोडता सलग शॉट. संगीत नाही.

"टोबी म्हणतो, काही करू नकोस," बाबा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला. "पन्नास वर्षं लोकांनी मला काहीतरी करायचेच पैसे दिले, आणि हा म्हणतो नुसता बस."

"मग बस ना नुसता. त्यात काय एवढं."

"काल सराव केला वल्हवायचा. डावा हात भरून आलाय. खांद्यापासून."

झालीच सुरुवात, असं मनात म्हणत मी त्याच्याकडे पाहिलं. "बाबा, आज नको," एवढंच म्हणाले.

त्यावर त्याने काहीतरी उलट बोलावं, तोंड पाडावं, उसासा टाकावा. नेहमी तसंच व्हायचं. तो नुसता हो म्हणाला आणि हात मांडीवर ठेवून बसला. मी त्याचा हात हातात घेतला तेव्हा तो गार आणि ओलसर लागला. गाडीत हीटर चालू होता. मला कसंसंच झालं, पण मेकअपवाली आत आली आणि मी उठले.

सीन दुपारी लवकर व्हायचा होता. होडी ज्यांच्याकडून भाड्याने घेतली होती त्या थेल्माबाई, साठी उलटलेल्या, कालवांची शेती करणाऱ्या, सकाळपासून एकच गोष्ट सांगत होत्या, की भरती असेपर्यंत काय ते उरका, ओहोटी लागली की ही खाडी पाणी ओढते. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, त्यावर समुद्र फुटतो. आम्ही उभे होतो तिथून तो दिसत नव्हता, आवाज मात्र येत होता. लांबच्या रस्त्यावरून सारखे ट्रक जावेत तसा.

पण ऊन हवं तसं पडेना. टोबायसला ढगांच्या आडचा मऊ उजेड हवा होता आणि सूर्य नेमका उघडा. सगळे चहा पीत थांबले. थेल्माबाई दोनदा सहायकाकडे जाऊन आल्या. तो हो हो म्हणाला, दहा मिनिटांचं काम आहे, आणि बचावाची बोट आहेच ना. ती बोट होती, पण शॉटमध्ये दिसू नये म्हणून डोंगराच्या सोंडेपलीकडे उभी केली होती. शेवटी ढग आले. टोबायसने दोन्ही हात वर केले आणि सगळे गप्प झाले.

बाबाने होडी सोडली. वल्हवणारा माणूस ज्या बाजूला जातो तिकडे त्याची पाठ असते, त्यामुळे काठापासून लांब जाताना त्याचं तोंड आमच्याकडेच होतं. मी मॉनिटरच्या मागे, टोबायसच्या खांद्याआड उभी राहिले. बाबा छान दिसत होता. दमलेला, खरोखरचा म्हातारा. वल्ही पाण्यात जायची तेवढाच आवाज. मध्यावर तो थांबला. वल्ही आत घेतली. ओंजळीत तोंड झाकलं.

माझ्या शेजारी ध्वनीवाली मुलगी होती, तिच्या गालांवरून पाणी आलं. मलाही भरून आलं, आणि स्वतःचाच राग आला. इतक्या वर्षांनीही याने मला गाठलंच.

मग त्याचा एक खांदा खाली गेला. उजवा तसाच राहिला, डावा खचला. हात तोंडावरून घसरला आणि एक वल्हं कडेवरून पाण्यात पडलं. बाबाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. वल्हं होडीपासून सुटून वाहायला लागलं.

"वा," टोबायस ओठांतल्या ओठांत पुटपुटला. "वल्हं सोडलं. हे आमचं ठरलं नव्हतं."

मी एक पाऊल पुढे टाकलं. पण बाबा ऐनवेळी भर घालतो हे सगळ्यांना माहीत होतं, मला तर सगळ्यांपेक्षा जास्त. डावा हात दुखतोय हे त्याने मला मुद्दाम आधी सांगून ठेवलं असेल. मी काठावर उभी आहे हे त्याला माहीत आहे. दुरावलेली मुलगी, शेवटचा अर्धा तास, पाणी. सगळं त्याच्या कायद्याप्रमाणे जमून आलं होतं. मी ओरडत पाण्यात धावले की त्याचा सीन पुरा होणार होता. मी दात आवळून उभी राहिले. मॉनिटरच्या स्टँडला धरलेला हात मी काढून खिशात घातला.

होडी आता ओहोटीच्या ओढीत सापडली होती. ती हळूच फिरायला लागली. बाबाचा चेहरा आमच्याकडून वळला, मग कान दिसला, मग नुसती पाठ. कोटाची पाठ आणि पांढरे केस. होडी तशीच राहिली आणि बाबाही तसाच राहिला.

आणि मला कळलं.

या माणसाने जन्मात कधी उजेडाकडे पाठ केली नव्हती. लग्नाच्या फोटोत, बँकेच्या रांगेत, आईच्या कबरीजवळसुद्धा तो नकळत वळून उजेड शोधायचा. होडी फिरली तरी त्याने मान वळवली असती, अंग चोरून जागा बदलली असती, काहीही केलं असतं. कॅमेऱ्याला पाठ देऊन तो इतका वेळ बसूच शकला नसता. तिथे बसलेला माणूस कुणासाठी बसलेला नव्हता.

"तो अभिनय करत नाहीये," मी म्हणाले.

टोबायसने न बघता बोट ओठांवर ठेवलं.

"टोबायस, त्याला काहीतरी झालंय. थांबव."

तो वळला. वाईट मुलगा नव्हता तो. माझ्या कानाशी येऊन त्याने सांगितलं, की रोलंडने सकाळीच बजावून ठेवलंय, मी हात वर करेपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही. आणि हेही सांगितलंय की माझी मुलगी येणार आहे, ती घाबरेल, ओरडेल, तरी थांबू नका.

म्हणजे बाबाने हे ठरवलं होतं. मी ओरडणार हेही त्याने धरून ठेवलं होतं. एक क्षण वाटलं, जाऊ दे, चालू दे तुझा खेळ. मग मी पुन्हा मॉनिटरकडे पाहिलं. पाठ हलली नव्हती. होडी खांबांच्या ओळीपलीकडे गेली होती, आणि ती आता जरा जास्तच वेगाने चालली होती.

मी किंचाळले. शब्द नव्हता, नुसता आवाज. मग बाबा, बाबा म्हणून ओरडत पाण्याच्या कडेपर्यंत धावले. मागे गोंधळ उडाला. सहायक रेडिओवर बचावाच्या बोटीला हाका मारायला लागला आणि रेडिओतून नुसती खरखर येत राहिली. मधे डोंगराची सोंड होती. इतके दिवस ते एकमेकांशी कसे बोलत होते कुणास ठाऊक, नेमकं तेव्हा काही ऐकू जाईना.

थेल्माबाई केव्हाच उतारावर गेल्या होत्या. त्यांची कालवं आणायची पत्र्याची मोटरबोट तिथे अर्धी पाण्यात होती. मी मागोमाग धावले. मला नीट पोहता येत नाही, आणि लहान बोटीची मला भीती वाटते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी आत चढले.

"तुला यायची गरज नाही," थेल्माबाई म्हणाल्या.

मी बाकड्याला धरून बसले. त्यांनी एक लाइफ जॅकेट माझ्याकडे भिरकावलं आणि दोरी ओढली. इंजिन लागलं नाही. पुन्हा ओढली. माझी नजर होडीवर होती. ती खरोखरच ठिपका व्हायला निघाली होती. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा इंजिन धडधडलं आणि आम्ही निघालो.

काठावरून खाडी सपाट दिसत होती. मधे आल्यावर कळलं की पाणी सगळं एकाच दिशेला पळतंय. कालवांच्या खांबांना ते मिशांसारखं फुटत होतं. तो ट्रकांसारखा आवाज मोठा होत होता, आणि खांबांच्या ओळीपलीकडे गेलो तेव्हा मला दांडा दिसला. पांढरी रेघ. ती उठायची, पडायची, पुन्हा उठायची. बाबाची होडी तिच्या आणि आमच्या मधे होती, आणि आमच्यापेक्षा तिच्या जवळ होती.

थेल्माबाईंनी मला पुढचं नीट समजावून सांगितलं. ओरडून, पण शांतपणे. होडीला समोरून गाठायचं, दोर बांधायचा, आणि वळून मागे ओढायचं. दोन होड्या एकमेकींना लागून असताना इंजिन बंद पडलं तर दोन्ही दांड्यावर जातील. म्हणून त्या हँडल सोडणार नव्हत्या. दोर घेऊन पलीकडच्या होडीत कुणीतरी जायला हवं होतं.

"तू जाशील ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. माझा आवाज मला ऐकू आला नाही.

आम्ही जवळ गेलो तेव्हा होडीत कुणीच दिसेना. मला वाटलं पडला. मग दिसलं, तो तळाशी, दोन बाकड्यांच्या मधे आडवा झाला होता. होडीत वीतभर पाणी होतं आणि कोट त्यात पसरला होता. अस्थींचं नकली मडकं त्याच्या पायाशी डुगडुगत होतं. एक लाट आमच्या खालून गेली. मी कड सोडली आणि पलीकडे उडी टाकली म्हणण्यापेक्षा पडले. गुडघा फुटला ते नंतर कळलं. दोर पुढच्या कडीत ओवून थेल्माबाईंनी सांगितली तशी गाठ मारली. बोटं बधिर होती. गाठ बसली का, बसली का, असं त्या विचारत होत्या आणि मला ती बसली आहे की नाही हे कळत नव्हतं. मी बसली म्हटलं.

दोर ताणला गेला. होडीला असा हिसका बसला की मी बाबावर आपटले. मग आम्ही जागच्या जागी थांबलो. इंजिन कण्हत होतं, पाणी दोन्ही बाजूंनी मागे पळत होतं आणि किनाऱ्यावरचं एक वाळलेलं झाड माझ्या नजरेसमोरून जराही सरकत नव्हतं. मागे ती पांढरी रेघ होती. मी मागे बघितलं नाही. मी त्या झाडाकडे बघत राहिले. ते सरकलं असं वाटलं. मग पुन्हा परत आलं. माझ्या तोंडून देवाचं नाव निघत होतं, आणि मी चर्चमध्ये शाळेनंतर गेलेले नाही.

बाबाचे डोळे उघडे होते. मेकअपचा राखाडी रंग पाण्याने ओघळला होता आणि त्याच्या खालचा चेहराही तसाच राखाडी होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो माझ्याकडे बघत होता, पण ओळखून बघत होता की नाही कळेना. ओठ हलले. मी कान खाली नेला. मला वाटलं, आता तो बोलणार. आईबद्दल, त्या खोट्या कळांबद्दल, माझ्याबद्दल, कशाबद्दल तरी. मरणाऱ्या माणसाला तेवढा वेळ मिळतोच, असं त्यानेच शिकवलं होतं.

"विनी," तो म्हणाला, "मला भीती वाटतेय."

मग म्हणाला, "पाय गार पडलेत."

एवढंच. मी सरकून त्याचे बूट काढले, मोजे पिळले, आणि त्याची पावलं माझ्या स्वेटरच्या आत पोटाशी धरली. ती मेलेल्या माशासारखी गार होती. त्यांच्या गारव्याने माझा श्वास अडकला. मला काही सुचेना म्हणून मी म्हणत राहिले, मलाही वाटतेय बाबा, मलाही. त्याने त्याला काय धीर येणार होता. पण खोटं बोलायला मला जमलं नाही. त्याने माझ्या बाहीचं टोक मुठीत धरलं होतं, लहान मूल धरतं तसं. ते सोडून घेतल्याशिवाय मला पाणी उपसता येत नव्हतं, आणि मी सोडून घेतलं नाही.

मी पुन्हा वर पाहिलं तेव्हा ते झाड दिसलं नाही. शोधलं तर मागे गेलं होतं. आम्ही पुढे सरकत होतो. सोंडेच्या आडून बचावाची बोट येताना दिसली, तिच्यावरचा माणूस हात हलवत होता. थेल्माबाईंनी त्याला एक सणसणीत शिवी हासडली आणि दोर त्याच्याकडे न देता तशाच काठापर्यंत ओढत राहिल्या.

काठावर युनिटची नर्स होती. तिने बाबाला गोळी चघळायला दिली, कोट कापून काढला. हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावर उतरलं. मला त्यात जागा दिली. टोबायस माझ्याजवळ येऊन काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी त्याला बाजूला हो म्हणाले. नंतर मला त्याची दया आली. तेव्हा आली नाही.

लॉन्सेस्टनच्या हॉस्पिटलात बाबाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. डॉक्टर म्हणाले, झटका सकाळपासूनच येऊ घातला असावा. कुठेकुठे दुखत होतं, त्याने कुणाला सांगितलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मला सांगितलं होतं.

तो वाचला. पण घरी आला तो वेगळाच माणूस. मी माझी मागची खोली त्याला दिली. मला वाटलं होतं आता रोज या प्रसंगाचा प्रयोग होईल, शेजाऱ्यांना, पोस्टमनला, फोनवर मेलबर्नच्या मित्रांना. त्याने एका शब्दाने काही सांगितलं नाही. दाढी करायची राहिली तर राहू द्यायचा. जेवायला बसला की दाराकडे तोंड करून बसायचा, मी स्वयंपाकघरातून दिसत राहावं म्हणून. मी वाण्याकडे जाऊन आले तरी तो अंगणाच्या फाटकाशी कोट घालून उभा असायचा. बाथटब बघून त्याने मान हलवली, तेव्हापासून बादलीत पाणी घेऊन अंग पुसायला लागला. सगळ्यात जास्त मला त्याच्या चेहऱ्याची भीती वाटायची. त्यावर काहीच नसायचं. जन्मभर मी म्हणत आले होते की याने एक दिवस तरी नाटक बंद करावं, आणि आता वाटायचं, कर रे काहीतरी, एक खोटा उसासा तरी टाक.

दोनेक महिन्यांनी टोबायस आला. चहाचा कप हातात धरून बसला. म्हणाला, तो शॉट आम्ही वापरणार नाही, सिनेमाचा शेवट बदललाय, म्हातारा स्वयंपाकघरात टोस्टला लोणी लावत असतो तिथेच संपवतो. बाबाने ऐकून घेतलं. मी त्याच्याकडे बघत होते. तो कधीच असं सोडणारा नव्हता. एका कापलेल्या वाक्यासाठी त्याने निर्मात्यांशी वर्षभर अबोला धरला होता.

"त्यात विनीचा आवाज आहे ना?" त्याने विचारलं.

टोबायस हो म्हणाला. शेवटी, खूप मोठा.

"तो कुणाला ऐकवू नकोस," बाबा म्हणाला. "तो खरा आहे."

त्यानंतर त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि टोबायस चहा तसाच ठेवून निघून गेला.

घरात एकटं राहायला तो तयार होईना, म्हणून मी त्याला बरोबर कामावर न्यायला लागले. मी जनावरांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते, नावं विचारते, फोन घेते. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतो. सुरुवातीला लोक त्याला ओळखायचे, जवळ येऊन तुमचा तो अमुक सिनेमा म्हणायचे, आणि तो हसून मान हलवायचा. हळूहळू ते बंद झालं.

परवा एक बाई ग्रेहाउंड घेऊन आल्या. शर्यतीतून काढलेला, हाडं दिसणारा कुत्रा. दवाखान्याचा वास लागला तसा तो फरशीवर बसला आणि आत जाईना. बाई त्याला ओढत होत्या, गोड बोलत होत्या, बिस्कीट दाखवत होत्या. बाबा खुर्चीवरून उठला, गुडघे धरत खाली बसला आणि कुत्र्याच्या शेजारी भिंतीला टेकला. हात त्याच्या पाठीवर ठेवला. कुत्रा थरथरत होता, आणि मी टेबलावरून बघत होते, बाबाचा हातही थरथरत होता. दोघांची पाठ माझ्याकडे होती.

फोन वाजला. मी उचलला आणि पलीकडच्या माणसाला विचारलं, काय नाव आहे मांजराचं.